न प्यायलेल्या दारूचा पश्चात्ताप

आमच्या व्यसनमुक्ती मंडळाच्या सध्याच्या चिटणीसबाई परवा घरी येऊन गेल्या. मंडळाच्या जुन्या सभागृहाला आता रंग लागला आहे. सकाळी तिथे माणसं चटया अंथरून बसतात, श्वास आत घेतात, धरून ठेवतात, सोडतात आणि मग कसल्याशा पाल्याचा हिरवागार रस पिऊन घरी जातात. बाईंना स्मरणिका काढायची आहे. "आपल्या चळवळीची मुळं कुठे आहेत ते आजच्या पिढीला कळायला हवं," त्या म्हणाल्या, "आणि तुमचे वडील म्हणजे तर आमचं मूळच!" बाबांवर दोन पानं लिहून द्या, असा आग्रह धरला. मी हो म्हटलं. मुळं हवी आहेत ना, मग मातीसकट घ्या.

तर सुरुवात पाण्यापासून झाली. साबणाच्या कारखान्यामागे कामगारांच्या खोल्यांच्या ओळी होत्या आणि त्यांच्या मधोमध एक हापसा. त्याच्या पाण्याला कॉस्टिकचा वास यायचा आणि ते प्यायलं की पोट बिघडायचं. दारूने निदान पोट तरी बिघडत नाही, असा हिशेब करून म्हातारेकोतारेसुद्धा दारू प्यायचे. त्यात मुकादम पगार वाटायचा तो गुत्त्यात बसून, कारण गुत्ता त्याच्या मेव्हण्याचा. पगार घ्यायला आत गेलेला माणूस तसाच बाहेर आला, असं क्वचित व्हायचं. हे मोडून काढलं ते बायकांनी. पगाराच्या दिवशी पोरं कडेवर घेऊन त्या गुत्त्याच्या दाराशी नुसत्या उभ्या राहायला लागल्या. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. नवरा बाहेर येईपर्यंत उभं राहायचं. अशा किती पगारांनंतर कोण जाणे, पण पगार कारखान्याच्या फाटकावर मिळायला लागला आणि नदीवरून नळ आला. चळवळ म्हणतात ती एवढीच होती आणि ती तिथेच पुरी झाली होती.

मग पुरुषांनी मंडळ काढलं. अध्यक्ष आला, चिटणीस आला, छातीवर लावायची पांढरी फीत आली, शपथ आली. बायकांकडे सभेत चहा द्यायचं काम आलं, आणि पुढे चहासुद्धा व्यसन ठरला तेव्हा तेही गेलं. आधी फक्त कडक दारू सोडायची होती, मग सगळीच दारू, मग तंबाखू, मग चहा, मग तिखट, मग मऊ गादी. मंडळाचे डॉक्टर म्हणायचे, थंडीत खिडक्या उघड्या टाकून झोपलं की छाती शुद्ध होते. आमच्या ओळीत सगळे शुद्ध खोकायचे. मालकांनी सभागृह बांधून दिलं. त्यांच्या मनात पुण्य होतं की उकळत्या कढईपाशी न थरथरणारे हात हवे होते, ते त्यांनाच ठाऊक. नियम मात्र त्यांनी चोख केला. शेवटच्या ओळीतल्या दोन खोल्यांच्या, नळ आत असलेल्या घरात राहायचं तर घरातल्या पुरुषाच्या छातीवर फीत हवी. फीत गेली की घर गेलं. आमचं घर त्यातलंच.

बाबांनी दारूला जन्मात तोंड लावलं नाही. यात त्यांची काही थोरवी नव्हती, त्यांना वासानेच मळमळायचं. त्यांचं काम साबण कापायचं. साच्यात घट्ट झालेली भली मोठी लादी ताणलेल्या तारांमधून ढकलली की पलीकडून वड्या पडतात. तार सैल असली की वडीची कड फाटते, म्हणून बाबा रोज सकाळी एकेक तार बोटाने छेडून कान लावायचे. त्यावरून सगळे त्यांना 'तारवाले' म्हणायचे. माणूस हसरा, गोड गळ्याचा आणि चारचौघांत कौतुक झालं की विरघळून जाणारा. या शेवटच्या गुणाने आमचा घात केला.

आईच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक व्रण होता, बोटाच्या पेरभर लांब. तो लग्नाआधीचा. आई तेव्हा दुसऱ्या गावच्या साबण कारखान्यात बांधणीच्या खोलीत, वड्या कागदात गुंडाळायला, नव्याने लागली होती. पहिल्याच दिवशी वड्यांचं तबक घेऊन निघाली, ओल्या साबणावरून पाय सटकला आणि कपाळ ठसा मारायच्या यंत्राच्या कडेवर आपटलं. रक्ताची धार लागली, तरी उठताना बाईने आधी विचारलं, "वड्या मोडल्या का हो?" ज्याला विचारलं तो तरुण डोक्याचा रुमाल सोडून तिच्या कपाळावर दाबून धरत होता. तेच बाबा. ही गोष्ट आई फार रंगात येऊन सांगायची. "यांनी वड्यांवर ठसा मारायच्या आधी माझ्यावर मारून घेतला," असं शेवटी म्हणायची, आणि बाबा लाजून दुसरीकडे बघायचे. लग्नानंतर दोघं या कारखान्यात आली. इथे तो प्रसंग पाहिलेलं कुणी नव्हतं, पण नळावरच्या प्रत्येक बाईला तो तोंडपाठ झाला होता.

मंडळाच्या सभांचा खरा प्राण म्हणजे अनुभवसभा. दारूतून सुटलेल्या माणसाने मंचावर उभं राहून आपण किती खाली गेलो होतो ते सांगायचं. पहिल्या पिढीचे बेवडे अस्सल होते. त्यांच्या गोष्टी ऐकून अंगावर काटा यायचा. पण ते एकेक करून म्हातारे झाले, काही गाव सोडून गेले, आणि काही पुन्हा गुत्त्यात. जे असे परत घसरत त्यांना सभागृहात मागच्या भिंतीपाशी एका वेगळ्या बाकड्यावर बसवत. त्याला 'घसरलेल्यांचं बाकडं' म्हणत. बाकडं भरत गेलं आणि मंच रिकामा पडला. चिटणीसांनी गोड गळ्याच्या बाबांना उभं केलं. बाबा संयमावर छान बोलले आणि लोक छान पेंगले. ज्याने कधी घेतलीच नाही त्याने ती सोडावी असं सांगण्यात ऐकणाऱ्याला काय मजा!

पुढच्या सभेत बाबा म्हणाले, "मीसुद्धा एके काळी प्यायचो." सभागृह जागं झालं. त्यापुढच्या सभेत त्यांनी घरातली भांडी विकली. मग पावसात गटारात पडले. मग नोकरी घालवली. टाळ्या मिळाल्या की पुढच्या खेपेला ते आणखी एक पायरी खाली उतरायचे. आई घरी हसायची. "आज कुठल्या गटारात होतात?" असं विचारून पाट मांडायची. तिला वाटायचं, नाटकात काम करतात तसंच आहे, कुणाचं काय जातंय. मलाही मजा वाटायची.

मी दुसरीत होते तेव्हाची सभा. आई आणि मी बायकांच्या बाजूला पुढेच बसलो होतो. बाबा नेहमीप्रमाणे गटारातून उठून घरी आले, म्हणजे गोष्टीत. दार उघडायला बायकोला उशीर झाला. आणि मग बाबांचा आवाज एकदम खाली आला. ते म्हणाले, "मी हात उचलला. जे हाती लागलं त्याने मारलं. बंधूंनो, ती खूण आजही तिच्या कपाळावर आहे. रोज सकाळी मी ती बघतो आणि रोज सकाळी मी मरतो." आणि त्यांनी बोट दाखवलं.

सगळं सभागृह आमच्याकडे वळलं. आईचा हात आपोआप कपाळाकडे गेला. तिने तो खाली घ्यायला हवा होता, पण तो तिथेच राहिला, आणि त्या हाताने सगळं सिद्ध केलं. शेजारच्या बाईने तिला जवळ घेतलं. मागे कुणीतरी मोठ्याने रडायला लागलं. तो आमच्या ओळीतला, कारखान्याची भट्टी पेटवणारा भट्टीवाला होता. त्याने त्याच सभेत शपथ घेतली आणि पुढे मरेपर्यंत पाळली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बाबांच्या खोटेपणाने लोकांची घरं सावरली हेही खरंच आहे. भट्टीवाल्याची मुलं त्यानंतर पोटभर जेवली. माझी मान मात्र त्या दिवशी खाली गेली ती मला अजून नीट वर करता आलेली नाही.

घरी आल्यावर आईने दार लावून घेतलं. "अहो, काय बोललात हे?"

"अगं, सभेत थोडं रंगवावं लागतं. त्या भट्टीवाल्याचं तोंड पाहिलंस ना?"

"रंगवायला तुमचं कपाळ नव्हतं का?"

"माझ्या कपाळावर आहे काय दाखवायला?" बाबा म्हणाले. खरोखरच निरागसपणे म्हणाले. "आणि आपल्याला माहीत आहे ना काय झालं होतं ते. मग झालं तर."

पण झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी आईची बादली आधी भरून दिली. आईला दया कुणी कधी दाखवली नव्हती, ती भडकली. "मी पडले होते, साबणावरून! किती वेळा सांगितलंय तुम्हाला!" बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, आम्हीसुद्धा अशाच पडायचो हो." इतकी वर्षं हसत सांगितलेली आईची गोष्ट आता झाकपाक ठरली होती. ती जितकी जीव तोडून सांगायची तितकी तिची कीव वाढायची. काही दिवसांनी तिने नळावर जाणं सोडलं. नळ घरात असूनही ती गप्पांसाठी जायची, ते बंद झालं. शाळेत मुली मला विचारायच्या, "तुझे बाबा आता नाही ना मारत?" मी काय सांगणार? मारत नाहीत म्हटलं तरी पंचाईत.

ही बातमी मामापर्यंत पोचली. मामा आईहून लहान, तापट आणि बहिणीवर जीव टाकणारा. तो पिशवी घेऊन थेट दारात उभा राहिला. "ताई, सामान बांध." आईने त्याला बसवून सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, पण त्याची नजर तिच्या कपाळावरून हलेना. "तू पडलीस असं तेव्हा तूच कळवलं होतंस," तो म्हणाला. "मी कुठे बघायला होतो?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही ग. पण भाऊजी भर सभेत कबूल करतायत. कोण माणूस न केलेलं पाप कबूल करेल?"

आई बाबांकडे वळली. मी तिचा तसा आवाज त्याआधी ऐकला नव्हता. "वार्षिक सभेत तुम्ही खरं सांगायचं. सगळ्यांसमोर. माझा भाऊ तोवर इथेच थांबेल. नाही सांगितलंत तर मी त्याच्याबरोबर जाईन."

बाबा घाबरले, पण हो म्हणाले. त्यांनी तयारीसुद्धा केली. तारा छेडताना पुटपुटायचे, असं त्यांच्या शेजारी काम करणारा सांगायचा.

वार्षिक सभेला मालक पहिल्या रांगेत होते. मामा मागे दाराशी उभा होता. बाबा मंचावर गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बंधूंनो, आज मी तुम्हाला खरं तेच सांगणार आहे." लोक खुशीत सरसावून बसले, कारण बाबांचं प्रत्येक भाषण याच वाक्याने सुरू व्हायचं.

"मी दारू कधी प्यायलो नाही. आणि बायकोवर मी कधीच हात उचलला नाही."

आधी कुणाला कळेना. मग कुजबुज सुरू झाली. चिटणीस उठून बाबांजवळ गेले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाचा वास घेतला. "वास नाही," ते म्हणाले. "वास न येणारीही मिळते," गर्दीतून आवाज आला. डॉक्टर उठले. ते वाईट माणूस नव्हते. जड आवाजात म्हणाले, "घसरणारा माणूस आधी सगळं नाकारतो. पहिलं लक्षण हेच. याच्यावर रागावू नका." चिटणीसांनी बाबांच्या कोपराला अगदी मायेने धरलं आणि त्यांना मंचावरून उतरवून मागच्या बाकड्याकडे चालवायला लागले. जाताजाता त्यांचा दुसरा हात बाबांच्या छातीवरच्या फितीकडे गेला. मालक वळून बघत होते. फीत सुटली की आम्ही दोन खोल्यांतून बाहेर, हे त्या सभागृहातल्या लहान पोरालाही माहीत होतं.

बाबा मध्येच थांबले. "हिला विचारा," ते म्हणाले. "ही सांगेल."

त्या घडीला आईने काय सांगावं असं त्यांना वाटत होतं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी त्यांच्या बाजूने पुष्कळदा विचार करून पाहिला आहे.

चिटणीस आईसमोर आले. "वहिनी, घाबरू नका. यांनी तुमच्यावर हात उचलला होता ना? नाही म्हणालात तरी आम्ही समजून घेऊ."

आई उभी राहिली. तिने बाबांकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मागे दाराशी उभ्या असलेल्या मामाकडे तिने पाहिलं नाही.

"उचलला होता," ती म्हणाली. "तेव्हा. आता नाही. आज तापाने फणफणलेत, म्हणून असं बरळतायत. यांना घरी न्यायला हवं."

सभागृहाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग टाळ्या वाजवल्या. लोक उभे राहिले. त्या टाळ्या आईला होत्या. मी खाली बघत बसले होते. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो तुटका अंगठा मला जन्मभर बघायला मिळाला तरी चालेल, पण वर बघायला नको, असं वाटत होतं. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही. ती कुणाची लाज होती तेही सांगता येत नाही, बाबांची, आईची की टाळ्या वाजवणाऱ्यांची.

घरी आलो तर मामाची पिशवी गेली होती. तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. माझ्या लग्नालाही नाही. तुझ्या तोंडून ऐकलं, आता आणखी काय ऐकायचं राहिलं, एवढाच निरोप त्याने एकाबरोबर धाडला होता. आणि आई त्याच्याबरोबर गेली नाही, कारण आता जायचं तरी कुठल्या तोंडाने.

बाबा त्या दिवशी चूल पेटवायला बसले, आईला मऊ भात करून वाढला, तिचे पाय चेपतो म्हणाले. "आपण दोघांनी निभावून नेलं," असं म्हणाले. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द तिला हवे होते. ते आले नाहीत. मी मोठी झाल्यावर तिने मला एकदा स्वयंपाक करताकरता सांगितलं, "मला घराचं काही नाही ग. परत तशी वेळ आली तर परत तेच सांगेन. पण या माणसाने एकदा तरी म्हणावं." बाबा काही दुष्ट नव्हते. त्यांना वाटायचं, आपण तर भर सभेत खरं सांगून मोकळे झालो, पुढचं हिने केलं. त्या टाळ्यांनंतर त्यांना मंचावरून उतरताच आलं नाही. दरवर्षी ते तोच फटका मारत राहिले आणि दरवर्षी तो थोडा जास्त जोरात बसायला लागला. आई सभेला जायची नाही. ती व्रणाबद्दल पुढे कित्येक वर्षं कुणाशीच, माझ्याशीसुद्धा, बोलली नाही.

मालक गेले, कारखाना बंद पडला, गुत्त्याच्या जागी औषधांचं दुकान आलं. मंडळात बाबांचा फोटो लागला. बाबा ऐंशीच्या पुढे गेले आणि त्यांना विसर पडायला लागला. आधी कालचं गेलं, मग माझं लग्न, मग तारा आणि वड्या. बांधणीची खोली, तबक, रुमाल, सगळं पुसलं गेलं. शेवटपर्यंत टिकलं ते इतकी वर्षं दरवर्षी मोठ्याने पाठ म्हटलेलं.

एकदा मी माहेरी गेले होते. सकाळची वेळ होती. आई बाबांची दाढी करून देत होती. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. बाबा तिच्या कपाळाकडे एकटक बघत होते. एकाएकी त्यांनी तिचा वस्तरा धरलेला हात धरला.

"हे मी केलं ना?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "दार उघडायला तुला उशीर झाला होता. चुकलं माझं. चुकलं ग माझं. मला माफ कर."

आईने वस्तरा खाली ठेवला. ते शब्द आले होते, पण भलत्याच गुन्ह्यासाठी आले होते.

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही मारलं नाहीत. मी पडले होते. ओल्या साबणावरून. तुम्ही रुमाल दाबून धरलात. आठवतंय का? वड्या मोडल्या का, असं मी विचारलं होतं." इतक्या वर्षांनी आई ती गोष्ट सांगत होती, आणि सांगताना अगदी घाईला आली होती.

बाबांनी ऐकून घेतलं. मग फेस लागलेल्या चेहऱ्याने हसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "किती सांभाळून घेतेस ग मला."

मला राहवेना. मी म्हणाले, "आई, तू पडली होतीस. मला माहीत आहे."

तिने वस्तरा उचलला आणि पाण्यात बुडवला.

"तुला काय माहीत," ती म्हणाली. "तू तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हतीस."